बोटांना चूक आधी कळते

महोदय,

साताऱ्यात २६ वर्षे मी मराठी टंकलेखन शिकवते. चुकीची कळ दाबली गेली की काही मुलींचा हात पडद्याकडे न पाहताच थबकतो. याला मेंदूविज्ञानात आधार आहे. चूक झाल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच मेंदूच्या पुढच्या-मधल्या भागातून एक ऋण विद्युतलहर उमटते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनी आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी ती नोंदवली. काळजीखोर स्वभावाच्या माणसांत ही लहर सरासरीने मोठी असते, बेधडक, उतावळ्या माणसांत लहान. मोठी लहर म्हणजे जास्त चुका, असे मात्र नाही.

मला एक विद्यार्थिनी आठवते. एक अक्षर चुकले की तिच्या पुढच्या दोन ओळी बिघडत. ती निष्काळजी आहे असे समजून मी वर्षभर तिला सर्वांसमोर बोलत राहिले. त्याची खंत आजही आहे. आता मी अशा मुलींना सरावात चूक खोडण्याची कळच बंद करून देते. परीक्षेच्या दिवसांत पालक चुका मोजायला बसतात, त्यांनी आधी मुलीचा चेहरा पाहावा.

– एक टंकलेखन शिक्षिका, सातारा