नाशकातल्या रविवार कारंज्याजवळच्या रेडिओवाल्या काकांना, जाहीर थँक यू

काका, नमस्कार. नाव टाकत नाहीये, कारण तुम्हीच म्हणालात की जाहिरात नको, आहे तेच काम उरकत नाही. पण थँक यू म्हणायचंच होतं आणि चारचौघांत म्हणायचं होतं, कारण तुम्ही जे करून दिलंत ते अजून पाच जणांच्या कामाला येईल.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमच्याकडे सिडकोत बाबांचा जुना स्टिरिओ आहे, देशी अॅम्प्लिफायर आणि दोन भलेमोठे लाकडी स्पीकर. कॉम्प्युटरमध्ये गाणी ढिगाने, पण ऐकायची कशावर तर मॉनिटरच्या त्या चिमुकल्या स्पीकरवर. हे दोन एकमेकांना जोडायचे, बास, एवढंच काम होतं. तर एका मोठ्या दुकानात सांगितलं, मॅडम ह्याची वायर आता मिळत नाही, हे भंगारात द्या आणि साउंडबार घ्या. दुसरीकडे म्हणाले ब्लूटूथचा डबा लावा. चालला असता, नाही असं नाही, पण त्यालाही जोडायला अॅम्पमध्ये जागा तीच लागणार ना!

कारण अॅम्पच्या मागे आरसीएची लाल-पांढरी भोकं नाहीतच, गोल पाच पिनांचं डिन सॉकेट आहे, जर्मन पद्धतीचं, तेव्हा टेप जोडायला असायचं ते. तुम्ही ते बघितलंत, हूं म्हणालात आणि खालच्या ड्रॉवरमधून तसला प्लग काढलात, जणू माझीच वाट बघत बसला होता तो. मग मला समोर बसवून दाखवलंत की ह्या पिनांचे नंबर सरळ ओळीत नसतात, १, ४, २, ५, ३ असे असतात, मधली २ म्हणजे ग्राउंड, ३ डावा आवाज आत, ५ उजवा आत, आणि १ आणि ४ मधून आवाज बाहेर येतो, रेकॉर्डिंगसाठी. नेटवरून मागवलेली तयार वायर घरी होती तिच्यातून काहीच का ऐकू येत नव्हतं ते तिथे कळलं, ती १ आणि ४ ला जोडलेली होती. म्हणजे अॅम्प बिचारा ठणठणीत, त्याच्या तोंडात कोणी घास घालतच नव्हतं.

आणि तुम्ही नुसता डाग देऊन मोकळे झाला नाहीत हे मला फार आवडलं. प्लगच्या पोटातच दोन्ही बाजूंना छोटे रेझिस्टर बसवलेत. मी विचारलं हे कशाला, तर म्हणालात, टेप जेवढा सिग्नल द्यायचा त्यापेक्षा आजकालच्या कॉम्प्युटरच्या साउंड कार्डाचा जास्त येतो, सीडी प्लेयर तर २ व्होल्टपर्यंत देतो, मग व्हॉल्यूमचं बटण जरा हलवलं की घर दणाणतं आणि आवाज फाटतो तो वेगळाच. आता बटण निम्म्यापर्यंत आरामात फिरतं, कमीजास्त करायला मजा येते. व्हॉल्यूमची खरखर स्प्रे मारून घालवलीत ती तर मी सांगितलीही नव्हती.

पण खरा किस्सा पुढेच आहे. घरी आणून लावलं तर सतत घुंऽऽ. गाणं बंद असलं तरी घुंऽऽ. फोन केला तर तुम्ही संध्याकाळी दुकान बंद करून स्कूटरवर सिडकोत हजर, आणि आल्याआल्या कॉम्प्युटरला हातच लावला नाहीत, थेट टीव्हीच्या केबलची वायर सेट टॉप बॉक्समधून उपसलीत. घुं गायब! आमचा टीव्हीपण त्याच अॅम्पला जोडलेला, कॉम्प्युटरला थ्री पिनची आर्थिंग इकडे आणि केबलला तिची आर्थिंग भलतीकडे, दोन्ही अॅम्पमध्ये येऊन भेटतात आणि मधल्या चक्करमध्ये लाइनचा ५० हर्ट्झचा हम घुसतो, असं तुम्ही समजावलंत. मला नेटवर एकाने सल्ला दिला होता की थ्री पिनची मोठी पिन कापून टाका, आवाज जाईल. तेव्हा तुम्ही जे काही बोललात ते इथे लिहिण्यासारखं नाही 😄 पण वाचणाऱ्यांनो, खरंच कापू नका, आवाज जाईल पण शॉक बसेल. काकांनी टीव्हीच्या ऑडिओ वायरमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची छोटी डबी टाकली, गाड्यांच्या टेपसाठी मिळते ती, संपला विषय.

मग म्हणालात, आता मोनो काहीतरी लाव, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो असलं. का ते मला कळेना. माझ्याकडे शास्त्रीय गायक द. वि. तथा बापूराव पलुस्करांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या फाइली होत्या, ते १९५५ सालीच गेले, म्हणजे सगळा जमाना मोनोचा. (आणि नाशकात पलुस्कर नाही लावायचे तर कोणाचे, त्यांच्या वडलांनी, विष्णु दिगंबरांनी, आश्रम इथेच काढला होता.) आवाज यायला लागला पण विचित्र, भिंतीभर पसरलेला, तबल्याच्या डग्ग्याला वजनच नाही. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत, उठलात, उजव्या स्पीकरच्या मागच्या लाल-काळ्या वायरी उलट्या केल्यात, आणि बापूराव एकदम दोन स्पीकरच्या मधोमध येऊन बसले. तिथे स्पीकर नाहीये, शोकेस आहे! एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढत होता म्हणे, खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकत होते. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली बघायला, तिला वाटलं नवीन काहीतरी आणलं.

जाताजाता सांगितलेलंपण सगळं पाळतेय. वायर कॉम्प्युटरच्या पुढच्या जॅकला नाही, मागच्या हिरव्याला, कारण पुढची वायर डब्याच्या आतून सगळ्या गोंगाटातून फिरून येते, माउस हलवला तरी किरकिर ऐकू यायची ती आता येत नाही. कॉम्प्युटरचा आवाज जवळजवळ फुल आणि कमीजास्त अॅम्पवर. ते एनहान्समेंट का काय ते सगळं बंद. सीडीवरून घेतलेली गाणी ४४.१ किलोहर्ट्झची म्हणून सेटिंगही तेच. आणि एमपीथ्री सोडून फ्लॅकमध्ये घेतेय आता, त्यात आवाजातलं काही गाळलं जात नाही, जागा बरीच खातात पण हार्ड डिस्क कुठे महाग आहे. खरं सांगू, चांगल्या ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीत आणि त्यात मला फरक कळत नाही, तुम्हाला कळतो असं तुम्ही म्हणता, मी मान डोलावली होती.

पैशांचं मात्र पटलं नाही काका. प्लग आणि डबीचे घेतलेत आणि बाकी चहात वळते केलेत, असं चालत नाही.

आता एक काम. मावशीकडे पंचवटीत एक कॅसेट डेक निघालाय, मोटर फिरते पण चक्री हलत नाही, मला वाटतं बेल्ट गेला. रविवारी दुकान उघडं असतं का? फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून इथेच विचारतेय, तुमचा भाचा हे वाचून सांगेलच तुम्हाला.