पाठीवरचं तू बघ, आई

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ‘महारोग्यांच्या जखमा रोज धुतेस, तुलाच झालं तर?’ आई गप्प होती, पण तिच्याही मनात तेच असणार. म्हणून सविस्तर लिहिते. आणि ‘महारोगी’ हा शब्द आता सोडा. वॉर्डात तो ऐकला की माणसं मान खाली घालतात.

जखम धुतल्याने कुष्ठरोग होत नाही. तळपायाची नस बधिर झाली की काटा रुतलेला कळत नाही, माणूस तसाच चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. तिच्यात बहुतेक पू करणारे साधे जंतू असतात. त्यासाठी हातमोजे आणि साबण पुरतो. कुष्ठाचा जंतू पसरतो तो मुख्यतः नाकावाटे, उपचार न घेतलेल्या रुग्णाकडून आणि तेही कित्येक महिने जवळ राहिल्यावर. शिवाय १०० पैकी जवळजवळ ९५ माणसांना तो मुळातच बाधत नाही.

वॉर्डातले रुग्ण एमडीटीवर, म्हणजे कुष्ठाच्या अनेक औषधांच्या एकत्रित उपचारावर असतात. रिफॅम्पिसिन ६०० मिलिग्रॅम आणि क्लोफाझिमिन ३०० महिन्यातून एकदा आमच्यासमोर, शिवाय घरी रोज डॅप्सोन १०० आणि क्लोफाझिमिन ५०. उपचार सुरू झाले की काही दिवसांतच संसर्ग थांबतो. तेव्हा काळजी करायचीच तर वॉर्डाची नको. साध्या ओपीडीत चट्ट्याला गजकर्ण समजून मलम देऊन परत पाठवलेल्या माणसाची करा. तो वर्षानुवर्षं तसाच फिरतो.

माझ्या हाताला खरा धोका असतो स्मिअर घेताना, म्हणजे जंतू तपासायला त्वचेतला नमुना काढताना. कानाची पाळी चिमटीत पांढरी पडेपर्यंत दाबून धरायची, कारण रक्त मिसळलं की स्मिअर वाया जातो. मग १५ नंबरच्या पात्याने ५ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर खोल चीर द्यायची, पातं काटकोनात वळवून आतून खरवडायचं आणि काचपट्टीवर गोल पसरायचं. पातं आणि माझी बोटं यांत जेमतेम एका पाळीचं अंतर असतं. पातं निसटलं तर भीती कुष्ठाची कमी, हेपॅटायटिस बी आणि एचआयव्हीची जास्त. बीच्या लशीचे तिन्ही डोस झालेत. कापलंच तर बोट पिळायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करायची. वापरलेलं पातं थेट न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात जातं.

नव्या रुग्णाच्या सहवासात वर्षातले निदान ३ महिने, आठवड्याला २० तास असलेल्यांना सरकारी कार्यक्रमात रिफॅम्पिसिनचा एकच डोस देतात, मोठ्यांना ६०० मिलिग्रॅम. आधी कुष्ठाची आणि क्षयाची लक्षणं तपासतात. पुढच्या दोनेक वर्षांत धोका निम्म्याहून थोडा जास्त घटतो. पूर्ण जात नाही, म्हणून अंग तपासणं सुटत नाही.

रोग दिसायला सरासरी ५ वर्षं लागतात, कधी २०. म्हणजे ही नोकरी आज सोडली तरी तपासणी चालूच ठेवावी लागेल. फिकट किंवा लालसर, न खाजणारा चट्टा दिसला की डोळे मिटायला लावून बॉलपेनचं टोक हलकेच टेकवायचं आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगायचं. दाखवता आलं नाही तर त्याच आठवड्यात डॉक्टर. लवकर सापडलं तर ६ किंवा १२ महिन्यांच्या मोफत गोळ्यांनी बरं होतं, बोटं वाकडी होत नाहीत.

हातापायांचं मी बघते. पाठ आणि कमरेमागचं आपलं आपल्याला दिसत नाही. दिवाळीला येईन तेव्हा सकाळी अंगणातल्या उजेडात, आई, तेवढं तू बघ. बॉलपेन मी आणते.

तुमची,
ताई