तो आवाज थेट नव्हता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दुसऱ्या महायुद्धातील बीबीसीच्या वार्ताहरांवरचा रविवारचा लेख मनापासून आवडला. एक दुरुस्ती मात्र आवश्यक वाटते. फ्रान्समधील नॉर्मंडीच्या लढाईचे वार्तांकन श्रोत्यांना ‘थेट’ ऐकू येत असे, असे लेखात म्हटले आहे. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे आधी ग्रामोफोनसारख्या तबकडीवर कोरले (म्हणजे मुद्रित केले) जाई, मग सेन्सॉरच्या हाताखालून जाई आणि त्यानंतरच ६ जून १९४४ पासून रात्री नऊच्या बातम्यांनंतर लागणाऱ्या ‘वॉर रिपोर्ट’ या रेडिओ कार्यक्रमात ऐकवले जाई. नॉर्मंडीत क्रेयी इथल्या जुन्या गढीत बीबीसीचा प्रक्षेपक होता. तिथून मजकूर लंडनला पाठवत.

वार्ताहराला एकट्याने चालवता यावे म्हणून ‘मिजेट’ (म्हणजे बुटका) नावाचे ध्वनिमुद्रणयंत्र बनवले होते. नावाने बुटके, पण वजन १८ किलोंच्या आसपास. तबकडी फिरवायला चावीचे यंत्र आणि आवाज वाढवायला कोरड्या बॅटऱ्या. झाकणात दहा इंची दुहेरी तबकड्या बारा. एका बाजूला जेमतेम पावणेतीन मिनिटे, म्हणजे सगळ्या मिळून तासाभराचा ऐवज. त्या काळच्या वार्तांकनात वाक्ये आखूड आणि मुद्द्याची का, याचे मोठे कारण मला ही पावणेतीन मिनिटेच वाटतात. एकदा कोरलेली खाच पुसता येत नसे.

चुका होण्याच्या जागाही अनेक. चावी पुरती दिली नाही तर शेवटाकडे तबकडी मंदावते आणि नेहमीच्या वेगाने वाजवताना तोच आवाज चिरका, घाईचा होतो. यंत्र सपाट जागी नसेल किंवा जवळच्या स्फोटाने हादरले तर सुई उडते. फार मोठा आवाज आला की खाच शेजारच्या खाचेत घुसते. कोरताना तबकडीवरच्या लॅकरच्या लेपाचा केसासारखा बारीक कीस निघतो. तो ब्रशने बाजूला केला नाही तर सुईखाली अडकतो. शिवाय तो चटकन पेट घेतो, म्हणून यंत्राजवळ सिगारेट वर्ज्य. हे सारे गोळीबारात, एका हाताने मायक्रोफोन धरून!

सप्टेंबर १९४४ मध्ये नेदरलँड्समधील आर्नेमच्या वेढ्यातून बीबीसीचे वार्ताहर स्टॅन्ली मॅक्स्टेड यांनी पाठवलेले वार्तांकन ऐकताना हे ध्यानात ठेवायला हवे. त्यांच्याबरोबर तिथे असलेले वार्ताहर गाय बायम ३ फेब्रुवारी १९४५ रोजी बर्लिनवरच्या हवाई हल्ल्यात अमेरिकी बॉम्बर विमानासह मृत्युमुखी पडले.

आणखी एक विनंती. सप्टेंबर १९४३ मध्ये बर्लिनवर निघालेल्या लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बर विमानातून विनफर्ड वॉन-थॉमस यांनी केलेल्या वार्तांकनाचा लेखात गौरवाने उल्लेख आहे. त्याच विमानात बसून तबकड्या कोरणारे ध्वनिमुद्रक रेजिनल्ड पिड्स्ले यांचे नाव मात्र राहून गेले. दुरुस्ती छापाल तेव्हा तेही अवश्य छापावे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे