बाळूच्या रॅपबद्दल अप्पांना

लंडन

तीर्थरूप अप्पांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही बाळूबद्दल म्हणालात, "नाटक तरी कर म्हणावं, नाहीतर ते रॅप तरी. दोन्हीचा नाद म्हणजे धड ना हे, धड ना ते." मायसमोर वाद नको म्हणून गप्प बसले. आता लिहिते.

इथं रिझ अहमद नावाचा नट आहे. जन्म 1982 चा, लंडनच्याच वेम्बलीतला. आईवडील कराचीहून आलेले. ऑक्सफर्डला शिकला, मग नाट्यशाळेत गेला. 2006 साली त्याचा पहिला चित्रपट आला, आणि अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर बदललेल्या जगावरचं त्याचं रॅपही त्याच वर्षी. चित्रपटाला बर्लिनच्या महोत्सवात बक्षीस मिळालं, आणि तिथून परतताना ह्याला विमानतळावर अडवून चौकशी केली! पण त्यानं ना अभिनय सोडला, ना रॅप. 2017 ला मालिकेतल्या कामासाठी एमी हे टीव्हीचं मोठं बक्षीस मिळालं. पुढं ऐकू येईनासं झालेल्या ड्रमरची भूमिका केली, त्यासाठी कित्येक महिने ड्रम आणि खुणांची भाषा शिकला. ऑस्करला उत्कृष्ट अभिनेत्याचं नामांकन मिळालेला तो पहिला मुसलमान.

पण मला सांगायचंय ते त्याच्या एका लघुपटाबद्दल. त्याच्याच रॅपच्या अल्बमसोबतचा, दहा-बारा मिनिटांचा. घरात लग्नाची गडबड, चेष्टामस्करी, आपल्याकडं असते तशीच. तेवढ्यात बंदूकवाले येतात आणि सगळ्यांना ओढून रस्त्यावर काढतात. शेवटी तो कॅमेऱ्याकडं बघत बोलायला लागतो. "तू मूळचा कुठला?" ह्या प्रश्नाचं उत्तर देतो, यमकात, धाप लागेपर्यंत. वॉर्डात पेशंट मलाही हेच विचारतात. मी परभणी सांगते आणि कामाला लागते. त्या दिवशी मात्र बघून झाल्यावर रडले. अप्पा, ते बोलणं रॅप आहे की अभिनय, हे मला वेगळं काढता येत नाही. 2022 ला त्याला ऑस्कर मिळालं ते ह्याच लघुपटासाठी.

तुम्ही तर भारूड मन लावून ऐकता. नाथांच्या भारुडात तोच माणूस विंचू चावलेला होतो, तोच जोशी होतो, गातो, नाचतो, मधेच लोकांशी बोलतो. तिथं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, ह्यानं एक काहीतरी निवडावं. बाळू त्याच रस्त्यानं निघालाय. पीकविम्यावर त्यानं लिहिलेलं मला पाठवलं होतं. काही ओळी कच्च्या आहेत, तेही त्याला सांगितलं. पण बँकेच्या रांगेतला म्हातारा त्यानं असा उभा केलाय, की तुम्ही ओळखाल.

त्याला युवक महोत्सवाला जाऊ द्या. सोयाबीनची काढणी नेमकी तेव्हाच आली, तर मजुरीचे पैसे मी पाठवते. आणि जायच्या आधी एकदा त्याला ओसरीवर म्हणायला लावा. तुम्ही ऐकलं नाही, हेच त्याला लागलंय.

मायला नमस्कार. गोळ्या वेळेवर घ्यायला सांगा.

आपली,
लेक