गाडी पास झाली, पण खालच्या चार ओळींचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी गेली चौदा वर्षं इंग्लंडमध्ये, लंडनजवळ स्लाव गावात राहतो आणि तुमचा पेपर रोज सकाळी मोबाईलवर वाचतो. पत्र पहिल्यांदाच लिहितोय. महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरातली मुलं आता इकडे नोकरीला आहेत, आली की वर्षभरात सेकंडहँड गाडी घेतात, आणि मग त्या गाडीची वार्षिक तपासणी म्हणजे एमओटी आली की इथे मुलाची आणि तिकडे आईवडिलांची झोप उडते. गेल्या महिन्यात माझ्या भाच्याच्या बाबतीत हेच झालं.

त्याची २०१४ सालची छोटी पेट्रोल गाडी आहे. एमओटी पास झाली, पण कागदावर खाली ‘ॲडव्हायझरी’ म्हणून चार ओळी होत्या. पुढच्या ब्रेक डिस्क (चाकामागच्या ब्रेकच्या चकत्या) झिजल्यात आणि त्यावर खड्डे पडलेत पण फार कमकुवत नाहीत, पुढचा नियरसाईड (फुटपाथकडचा, म्हणजे डावा) टायर कायद्याच्या मर्यादेजवळ आलाय, थोडं ऑईल पाझरतंय, आणि चौथी ओळ अशी की खाली अंडरट्रे म्हणजे इंजिनाखालचं झाकण बसवलेलं असल्यामुळे काही भाग दिसला नाही. गॅरेजवाला म्हणाला सगळं करून घ्या, ६८० पौंड होतील, नाहीतर काही झालं तर तुमची जबाबदारी. पोरगं घाबरलं, त्याने कोल्हापूरला ताईला फोन केला, ताईने मला, की अरे त्याची गाडी नापास झालीय म्हणे, ब्रेक गेलेत, तू आधी जाऊन बघ.

गाडी पास झालेली होती! ताईला मी एवढंच सांगितलं की तुझ्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये शुगर बॉर्डरवर असं लिहून आलं होतं ना, तसं आहे हे, लगेच ॲडमिट व्हायचं नाही पण दुखणं अंगावरही काढायचं नाही.

आता नीट सांगतो, कारण इथे दहा वर्षं राहिलेले लोकही यात घोळ घालतात. २० मे २०१८ पासून एमओटीमध्ये बिघाडाचे तीन प्रकार आहेत, डेंजरस, मेजर आणि मायनर. पहिल्या दोनपैकी एकही निघाला की गाडी नापास, आणि डेंजरस असेल तर दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर काढायचीच नाही. मायनर म्हणजे बिघाड आजच आहे पण छोटा आहे, गाडी पास, लवकर दुरुस्त करा. आणि ॲडव्हायझरी म्हणजे आज बिघाड नाही, पुढे होऊ शकतो, लक्ष ठेवा. आपले लोक मायनर आणि ॲडव्हायझरी दोन्हीला किरकोळ म्हणून एकाच पोत्यात भरतात, ते चूक आहे.

भाच्याच्या चार ओळींपैकी चौथी तर बिघाडच नाही. टेस्टरला गाडीचे भाग खोलून बघायची परवानगी नसते, जे दिसलं नाही ते तो प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. मुलांची सीट बसवलेली असली तर मागचा बेल्ट पूर्ण बघता आला नाही असंही लिहून येतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

टायरची ओळ मात्र मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते, कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर, आणि ती टायरच्या मधल्या तीन चतुर्थांश रुंदीत, पूर्ण गोलाईभर हवी. त्याच्या खाली गेलात तर एका टायरमागे २५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर दंडाचे ३ पॉइंट, मग तुमच्याकडे एमओटीचा पासचा कागद असला तरी काही उपयोग नाही कारण तो कागद फक्त त्या दिवसापुरतं बोलतो. भाच्याचा टायर आम्ही मोजला तर २.२ निघाला, आणि पोरगं दर आठवड्याला एम-४ हायवेवरून ब्रिस्टलला जातंय, तेही पावसात. त्याच दुपारी पुढचे दोन्ही टायर बदलले. घरी मोजायचं असेल तर इथे २० पेन्सचं नाणं खाचेत उभं धरतात, नाण्याची बाहेरची कड दिसली तर टायर मर्यादेखाली गेलेला असू शकतो, लगेच दाखवून घ्या.

ब्रेक डिस्कचं आम्ही वेगळं केलं. टेस्टर चाक काढत नाही, चाकाच्या फटीतून जेवढं दिसतं तेवढ्यावर लिहितो, म्हणून दुसऱ्या मेकॅनिककडे चाक काढून डिस्कची जाडी मोजून घेतली. कमीत कमी किती जाडी चालते ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं. अजून वाव होता, डिस्कला दाबणारे ब्रेक पॅडही बरे होते, तर पुढच्या सर्व्हिसला बदलायचं ठरलं. आणि ऑईलसाठी रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवला, दोन थेंब पडले, आता दर रविवारी तो डिपस्टिक म्हणजे ऑईल मोजायची पट्टी बघतो.

पण याहून महत्त्वाचं म्हणजे मागचे कागद बघणं. सरकारी वेबसाईटवर नुसता गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनच्या एमओटी फुकट दिसतात, पास-नापास, सगळ्या ॲडव्हायझरी, त्या दिवशी गाडी किती मैल चालली होती ते सुद्धा. भाच्याच्या डिस्कची ओळ दोन वर्षं तशीच येत होती, एकाही शब्दाचा फरक नाही, टायरची ओळ मात्र यंदा नवीन. एखादी ओळ दरवर्षी कडक होत चालली, म्हणजे आधी थोडा गंज, मग गंज, मग जास्त गंज, तर समजायचं की पुढच्या वर्षी ती नापासात जाणार. सेकंडहँड गाडी घ्यायच्या आधीच ही दहा मिनिटं घालवा असं मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. आणि हेही लक्षात ठेवा की एमओटीमध्ये इंजिन, क्लच, गिअरबॉक्सची तब्येत बघतच नाहीत, त्यामुळे स्वच्छ कागद म्हणजे गाडी ठणठणीत असं नाही.

हे मी इतक्या पोटतिडकीने लिहितोय त्याला कारण आहे. माझ्याच आधीच्या गाडीला मागच्या कॉईल स्प्रिंगला (चाकाजवळची धक्के झेलणारी स्प्रिंग) गंज अशी ओळ दोन वर्षं येत होती. इथे थंडीत बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालच्या लोखंडाला खातं. पास झालीय ना, मग कशाला खर्च, असं म्हणून मी दोन्ही वेळा कागद फाईलमध्ये टाकला. फेब्रुवारीत बायको आणि मुलगी गाडीत असताना एका स्पीड ब्रेकरवर स्प्रिंग तुटली, तुटलेलं टोक टायरला लागून बसलं. वेग वीसच्या आत होता म्हणून वाचलो. हायवेवर तो टायर फाटला असता तर काय झालं असतं हा विचार अजून मनातून जात नाही.

गॅरेजवाले सगळे लुबाडतात असं मला म्हणायचं नाही. पण तपासणारा आणि दुरुस्तीचं बिल लावणारा एकच असला की शंका येतेच, तेव्हा सरळ म्हणायचं की मला दाखवा, आणि आज काय करायलाच हवं आणि काय थांबू शकतं ते वेगळं लिहून द्या. बऱ्याच ठिकाणी कौन्सिलची, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या संस्थेची, स्वतःची टेस्ट सेंटर सर्वांसाठी खुली असतात, तिथे फक्त तपासतात, आपली दुरुस्ती करत नाहीत, मी आता तिथेच जातो. कारसाठी फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड. मुदत संपायच्या आधी, एक महिना वजा एक दिवस इतक्या लवकर तपासणी केली तरी पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते, म्हणजे काही निघालं तर हातात वेळ राहतो.

आपल्याकडे खाजगी गाडीला पहिली १५ वर्षं फिटनेस तपासणी नाही, पीयूसी केली की झालं. त्यामुळे कोणीतरी दरवर्षी गाडीखाली जाऊन बघतं आणि लिहून देतं याची आपल्याला सवयच नाही, आणि म्हणूनच मुलं एकतर घाबरतात नाहीतर दुर्लक्ष करतात. टायरच्या खाचेत मधेमधे रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला, हे तर पुण्या-कोल्हापुरातही आजच खाली पार्किंगमध्ये जाऊन बघता येईल.

भाच्याचे ६८० च्या जागी टायरचे १४० पौंड गेले. जमलं तर पत्र रविवारच्या अंकात घ्या, ताई तोच अंक नीट वाचते.

आपला,
एक वाचक, स्लाव (इंग्लंड)