ड्रेसिंगच्या खोलीत थोडा बर्फ हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मार्चमध्ये माझ्या सहा वर्षांच्या नातवाच्या हातावर उकळता चहा सांडला. उपचार चांगले झाले, डॉक्टर-सिस्टर कुणाबद्दलही तक्रार नाही. पण एक दिवसाआड ड्रेसिंग असायचं. जखमेला चिकटलेलं गॉज सिस्टर सलाईनने भिजवून हलक्या हाताने सोडवायच्या आणि हा माझा पदर दातांत धरून थरथरायचा. चौथ्या खेपेला तर रिक्षा दवाखान्याच्या गल्लीत वळताच रडू लागला. जखम भरत आली होती, भीती मात्र वाढत चालली होती.

यावर एक उपाय आहे. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले संशोधक हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९६ पासून भाजलेल्या रुग्णांसाठी व्हर्च्युअल रिॲलिटीचा, म्हणजे डोळे पूर्ण झाकून आभासी जग दाखवणारा, चष्मा वापरायला सुरुवात केली. ड्रेसिंग चालू असताना रुग्णाला बर्फाळ दरी दिसते आणि तो पेंग्विनवर बर्फाचे गोळे मारत राहतो. वेदना जाणवायलाही लक्ष लागतं. तेच दुसरीकडे गुंतलं की दुखणं कमी वाटतं. वेदनेशी संबंधित मेंदूच्या भागांतली हालचाल मंदावल्याचं स्कॅनमध्येही दिसलं आहे. वेदनाशामक औषध बंद करायचं नसतं, त्याला ही जोड. आम्हीही मोबाईलवर कार्टून लावून पाहिलं, पण मोबाईलच्या कडेने कात्री दिसतेच. चष्म्यात ती दिसत नाही.

आपल्या सोलापुरात याचा विशेष उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं. ड्रेसिंगला येणारं एक लेकरू तेलुगू बोलतं, दुसरं कन्नड, तिसरं उर्दू. सिस्टरनी कुणाकुणाची समजूत कोणत्या भाषेत काढायची? बर्फाचा गोळा मारायला भाषा लागत नाही. आणि मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर असताना बर्फ कुणाला नको असेल?

चष्मा कुणाला द्यायचा हे अर्थातच डॉक्टरांनी ठरवावं. फिट येणाऱ्यांना, चेहरा भाजलेल्यांना तो चालणार नाही, काहींना मळमळतंही. दर रुग्णानंतर तो नीट पुसायला हवा. पण असा साधा चष्मा आज चांगल्या स्मार्टफोनच्या किमतीत येतो. सिव्हिलच्या ड्रेसिंगच्या खोलीत निदान एक असावा, अशी माझी विनंती आहे. आपली गणेशोत्सव मंडळं रक्तदान शिबिरं भरवतात, रुग्णांना फळं वाटतात. यंदा एखाद्या मंडळाने हे मनावर घेतलं, तर वर्गणीची पहिली पावती माझ्या नावाने फाडावी.

– एक आजी, जुळे सोलापूर