पाकिटावर भावाचं नाव होतं, काका!

ती. काकांस,
सा. न.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांच्या देखत लिहितेय.

इथं जर्मनीत, कोलोनच्या बाजारात ते काळपट रोमन नाणं घेतलं, तेव्हा पाकिटावर ‘दुसरा व्हॅलेरियन’ असं, एका रोमन राजपुत्राचं नाव लिहिलेलं होतं. मी विश्वास ठेवला. वर देवाच्या तांब्यासारखं चिंचेनं घासायला निघाले होते! तुम्ही पुण्याहून ओरडलात, “अगं, हात लावू नकोस त्याला!” मग खिडकीशी तिरप्या उजेडात सात फोटो काढायला लावलेत. सातव्यात नाण्यावरच्या चेहऱ्याच्या मानेमागची अक्षरं उमटली: एस, ए, एल, ओ, एन. पुढच्या ‘व्हॅलेरियानुस’मध्ये मी यू शोधत बसले होते, रोमन लोक तिथं व्ही कोरत, हेही तुम्हीच सांगितलंत.

म्हणजे हा त्या दुसऱ्या व्हॅलेरियनचा धाकटा भाऊ, सलोनिनुस. दोघांच्याही नावात व्हॅलेरियानुस, दोघांच्याही डोक्यावर किरणांचा मुकुट, त्यामुळे विक्रेत्याचा घोळ झाला असेल. पण पुढचं ऐकून माझ्या अंगावर काटा आला. थोरला इसवी सन 258 मध्ये गेला, तेव्हा वडिलांनी, म्हणजे सम्राट गॅलिएनुसनं, या पोराला ‘कैसर’, म्हणजे गादीचा वारस, केलं आणि सिल्वानुस नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली इथंच, माझ्या गावात ठेवलं. 260 मध्ये टोळ्यांकडून परत मिळवलेली लूट सिल्वानुसनं मागितली. सेनापती पोस्टुमुसच्या सैनिकांनी ती आधीच वाटून घेतली होती. ते उलटले, शहराला वेढा पडला आणि आतल्यांनी दोघांनाही त्यांच्या हवाली केलं. दोघांचाही जीव गेला. त्याचे आजोबा, सम्राट व्हॅलेरियन, त्याच वर्षी इराणचा राजा शापूर याच्या कैदेत सापडले होते.

मागच्या बाजूला ‘पिएतास’, म्हणजे धर्मनिष्ठा, आणि पूजेची उपकरणी. त्यातली पळी मात्र मी आपली आपण ओळखली, तुमच्याआधी! आपल्या आजोबांच्या पंचपात्रातली आठवली.

नगरभवनाखालचे रोमन राज्यपालाच्या वाड्याचे अवशेष मी पूर्वी दहा मिनिटांत उरकले होते. आता पुन्हा जायचंय, चांगलं तासभर रेंगाळायला.

पाकिटावरची जुनी चिठ्ठी काढली नाही. तिच्याखाली तुमच्या शब्दांत नवी लावलीय. डिसेंबरात येताना नाणं दाखवायला आणते म्हटलं, तर तुम्ही आधी ते देशाबाहेर न्यायच्या कागदपत्रांचंच विचारलंत. राहू दे इथंच. तुमच्यासाठी भिंग तेवढं आणते.

तुमची,
कोलोनची पुतणी